गळ्यातल्या टाकाचं गाव

भाद्रपद वद्य अष्टमी, १९५९. मागच्या पडवीत देव घासायला काढले होते.

दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी होती. पितृपक्षातला हा दिवस नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा. त्या दिवशी अशा बाईच्या नावाने पान वाढायचं, नैवेद्य दाखवायचा आणि एका सवाष्णीला जेवू घालायचं. आमच्या घरात ती बाई म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. ती तापाने गेली तेव्हा तिची मुलगी नुकती रांगायला लागली होती. मी त्या घरात आले ती त्यानंतर. मुलगी मलाच आई म्हणत मोठी झाली. तिला जन्म देणारी दुसरी होती, हे तिला सांगायचं नाही असं घरात ठरलेलं होतं.

ठरवलं होतं माझ्या सासूबाईंनी. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. ती गेल्यावर तिच्या माहेरच्यांनी, म्हणजे घोटावड्याच्या व्याह्यांनी, नात मागितली होती आणि आत्याबाईंनी दिली नव्हती. अंगणात उभ्याउभ्याच बोलाचाली झाली, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद. आमच्या भरे गावापासून घोटावडं काही लांब नाही, पण जसं काही मध्ये घाट असावा तसं आम्ही वागत होतो. पोरीला कळलं तर ती आजोळ मागेल, आजोळ मागितलं तर एक दिवस तिकडेच राहील, असा आत्याबाईंचा हिशेब. "कळलं की पोर हातची गेली म्हणून समज," असं त्या मला बजावत. मला तो हिशेब पटत नव्हता. पण चुकीचाच आहे, अशी खात्रीही देता येत नव्हती. पोर मी न्हाऊ-माखू घातलेली होती. तिने एक दिवस माझ्याकडे परक्यासारखं बघावं, हे मलाही नको होतं.

तर देव घासणं. चिंचेचा कोळ, चुलीतली चाळलेली राख आणि जुन्या लुगड्याचे तुकडे एवढं घेऊन बसायचं. आमच्या देवघरात मूर्ती नव्हत्या, टाक होते. म्हणजे तळहातात मावणारे चांदीचे पत्रे, त्यावर देवाचा ठसा उठवलेला. आमचं मूळ गाव मुळशीच्या धरणात गेलं. घरं, जोती, चिंचा सगळं पाण्याखाली राहिलं आणि हे टाक तेवढे फडक्यात बांधून वर आले. त्यामुळे पूर्वजांबद्दल मुलांना दाखवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

मी एक पद्धत पाडली होती. प्रत्येक मुलाच्या हातात एक टाक द्यायचा, आणि घासता घासता तो कोणाचा, कुठला, आपल्याकडे कसा आला, हे त्याने सांगायचं. हात गुंतलेले असले की मुलं पळत नाहीत आणि तोंड मोकळं असतं. शिवाय जे घासलं ते लक्षात राहतं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, महाळुंग्याच्या माहेरी झालेलं; पण मुलांना काय कसं शिकवावं, याची मला पहिल्यापासून उठाठेव.

धाकट्याच्या हातात खंडोबा होता. "ह्यो खंडोबा. गाव जेजुरी. घोडा पांढरा," त्याने एका दमात सांगितलं आणि राख फुंकली, ती माझ्या डोळ्यात गेली.

मधल्याकडे वीर होता. हातात तलवार घेतलेला उभा पुरुष. आमच्या घराण्यात कोणी एक बिनलग्नाचा, लढाईत पडलेला, त्याचा हा टाक. कुठल्या लढाईत ते कोणालाच माहीत नव्हतं.

"ह्याला मिशा हायेत का गं?" मधल्याने विचारलं.

"होत्या. घासून घासून गेल्या."

"मग आता घासायचं थांबवू या. न्हाईतर पुढल्या साली नाक जाईल."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. टाकाचा चेहरा पार सपाट झाला होता. मी त्याला राख कमी घ्यायला सांगितलं.

मुलगी अजून आली नव्हती. ती आली तेव्हा परकराचा घेर गुडघ्यापर्यंत भिजलेला, हात कोपरापर्यंत चिखलाचे आणि ओच्यात काहीतरी वळवळत होतं. दहा वर्षांची झाली तरी तिचं सगळं लक्ष घरामागच्या ओढ्यावर. दगड उचलून खेकडे धरण्यात गावातले मुलगेसुद्धा तिच्या मागे. आत्याबाई तिथेच उखळापाशी बसून डाळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आली भवानी! पितरपाठ चाललाय आन् ही खेकडं घिऊन येतीया घरात. टाक ते वढ्याला परत. कुणाचं वळण उचललंय..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. पुढे मला ते आठवलं. त्या वेळी मी एवढंच पाहिलं की पोरगी ओचा सोडून आली, हात धुऊन बसली आणि उजव्या हाताचं बोट तोंडात घालून चोखत राहिली. खेकडा चावला होता. ती त्याबद्दल कधी रडत नसे.

तिच्या वाट्याला भवानी होती. "ही भवानी. गाव तुळजापूर," ती म्हणाली, पण तिचं लक्ष टाकाकडे नव्हतं. माझ्या गळ्याकडे होतं.

माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात एक लहानसा टाक असे. नखाएवढा. त्यावर बाईची आकृती, डोक्यावर पदर, बाकी काही कळत नसे. बिजवराशी लग्न होणाऱ्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा अशी आमच्याकडे रीत. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो सोनाराकडून आला आणि आधी तो घातला, मग मंगळसूत्र. मी त्याला कधी घाबरले नाही आणि त्याची पूजाही मनापासून केली नाही. नवमीला दोऱ्यातून काढायचा, आंघोळ घालायची, हळद-कुंकू लावायचं, पुन्हा ओवायचा. घरातल्या कामांपैकी एक काम.

"हिला आज घासायचं न्हाई?" पोरीने विचारलं.

"घासायचं." मी दोरा काढून टाक तिच्या तळहातावर ठेवला. एरवी तो मीच घासत असे. त्या दिवशी का दिला, ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

तिने तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. "हिचं गाव कुठलं?"

आत्याबाईंचा हात डाळीत थांबला.

"आधी घास," मी म्हणाले.

"सगळ्यांची गावं तू सांगितलीस. खंडोबाचं जेजुरी, भवानीचं तुळजापूर. वीराचं पान्यात गेलं. हिचं?"

"अगं देव हाय तो. देवाला काय गाव," आत्याबाई म्हणाल्या.

"आज्जे, आत्ताच सगळ्यांची गावं सांगितली की." मग पोरगी माझ्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात, हिशेब जुळत नाही म्हणून विचारावं तसं म्हणाली, "शाळेत पोरी म्हंत्यात, तुझी आई तुझ्या आईच्या गळ्यात हाय. म्हंजे काय?"

मधला फिस्सकन हसला. त्याला ते कोडं वाटलं. धाकटा माझ्या गळ्यात बघायला लागला.

"कवा म्हनाल्या?" आत्याबाईंनी विचारलं.

"लई दिवस झाले."

म्हणजे लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाणवठ्यावर बायकांनी, शाळेत पोरींनी सांगून टाकलं होतं, आणि आम्ही दोघी घरात तोंडं मिटून बसलो होतो. अर्धवट तिला कळलेलंच होतं; आता उरलेलं कोणाकडून कळावं एवढाच प्रश्न होता. आत्याबाई मला डोळ्यांनी नको नको करत होत्या. मी त्यांच्याकडे न बघता सांगितलं.

"हिचं गाव घोटावडं. ही तुझ्या आबांची पहिली बायको. तू तिच्या पोटची. तू रांगत होतीस तेव्हा ती तापानं गेली. मग मी आले. ह्यात लपवायचं काही नव्हतं, पण लहान म्हणून सांगितलं नाही. आता सांगितलं."

एवढं बोलून मी खंडोबा धुवायला घेतला. रडारड झाली तर काय करायचं हे मी ठरवलं होतं: होऊ द्यायची. पण रडारड झाली नाही. पोरगी टाकाकडे बघत होती.

"ही?" ती म्हणाली. "हिला तोंडच न्हाई."

"सोनार काही तिला बघायला आला नव्हता. बाई सांगितली, त्याने बाई काढली."

"मग दिसायची कशी?"

"मी नाही पाहिली."

"उंच होती?"

"ठाऊक नाही."

"आज्जे, उंच होती?"

आत्याबाई डाळीतले खडे वेचायला लागल्या.

मधल्याला आता काळजी लागली. "म्हंजे ही आमची बहीन न्हाई?"

"बहीणच. बाप एक आहे ना? मग झालं तर."

"आन् मला दोन मामा?" पोरगी मध्येच म्हणाली. माझा भाऊ दिवाळीला तिला परकराचं कापड आणायचा.

"दोन."

"मला का एकच?" धाकटा रडकुंडीला आला. त्याला थोपवायला मला गुळाचा खडा द्यावा लागला. त्या दिवशी रडला तो एवढाच.

पोरीचे प्रश्न संपेनात. ती गाणी म्हणायची का, तिला पोहता यायचं का, ती शाळेत गेली होती का, तिचे केस कुरळे होते का, पोरीचे आहेत तसे. एकाचंही उत्तर मला येत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या बाईला गळ्यात घालून हिंडले. भात लावलं, शेण काढलं, दोन बाळंतपणं केली, ती माझ्या गळ्यात होतीच. आणि तिला चहा गोड लागायचा की बिनसाखरेचा, एवढंही मला सांगता येईना. खापरपणजोबांपर्यंतची पुरुषांची नावं मी मुलांकडून घोटून घेतली होती. ह्या बाईबद्दल मात्र मीच कधी चौकशी केली नव्हती. आता पोरगी विचारत होती तसं मलाही एकेक विचारावंसं वाटायला लागलं.

"उद्या तिच्या पानावर काय?" पोरगी म्हणाली.

"पुरणपोळी. दरवर्षी असते तीच."

"तिला आवडायची?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. रीत अशी की पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी हवं. मी आले त्या पहिल्या वर्षी आत्याबाईंनी पुरण घालायला सांगितलं, मी घातलं, तेव्हापासून पुरण. कावळाही दर वर्षी पहिल्या हाकेला यायचा, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. कावळ्याचं काय, त्याला पोळी मिळाल्याशी मतलब.

"पुरनपोळी सगळ्यांनाच आवडती," आत्याबाई म्हणाल्या.

"तिला आवडायची का, आत्याबाई?"

त्यांनी सुपातली डाळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला केली. "गोड खात नव्हती ती," त्या शेवटी म्हणाल्या. "घास घ्यायची आन् ताटाखाली सारायची."

"मग काय खायची?"

"मला न्हाई आठवत," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांना आठवत होतं हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

तेवढ्यात नवरा शेतावरून आला. चिखलाचे पाय धूत होता तेव्हा पोरगी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, टाक मुठीत. "आबा, घोटावड्याची आई कशी होती?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या आईकडे. मी होय म्हणून मान हलवली. तो पायावर पाणी ओतत राहिला. तांब्यातलं संपलं तरी तांब्या तसाच धरलेला.

"लई बोलायची," तो म्हणाला आणि गोठ्यात निघून गेला.

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती. तिच्याबद्दल त्याच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले दोन शब्द. माझं स्वतःचं बोलणं कामापुरतं. घरातल्या शांततेची त्याला सवय व्हायला किती दिवस लागले असतील, असं मनात आलं. पण उन्हं कलायच्या आत काय ते करायला हवं होतं. मी देव पुसून देव्हाऱ्यात ठेवले, मुलांना आत्याबाईंच्या हवाली केलं, आणि पोरीला म्हणाले, "चप्पल घाल. घोटावड्याला जाऊन विचारून येऊ."

"सूनबाई," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. "पोर तितं ठिवून घेतली तर?"

"दिवे लागायच्या आत परत आणते. आणि ती काही शेरडू नाही, दाव्याला धरून ठेवायला."

बोलले खरं, पण वाटेत मला तीच काळजी होती. बांधाबांधाने आम्ही चाललो होतो. भात निसवलं होतं, ओंब्या वाकायच्या होत्या अजून, बांधावर तेरडा माजलेला. पोरगी माझ्या पुढे चालत होती आणि दर ओहोळापाशी वाकून दगडाखाली बघत होती. मी तिला हटकलं नाही. टाक तिने परत दिला नव्हता, मीही मागितला नव्हता. गळा हलका वाटत होता, आणि ते बरं आहे की वाईट हे मला ठरवता येत नव्हतं.

घोटावड्यात घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात एक म्हातारी बाई कणगी शेणाने लिंपत होती. भात यायच्या आधी सगळीकडे हेच काम चालतं. हात मनगटापर्यंत भरलेले. तिने पोरीकडे पाहिलं आणि हात हवेतच राहिले.

"कुनाची गं तू?" तिने विचारलं, पण ते नुसतं विचारायचं म्हणून.

"तुमच्या लेकीची," पोरगी म्हणाली. मी शिकवलं नव्हतं. "तिला खायला काय आवडायचं?"

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग माझ्या गळ्याकडे, जिथे टाक नव्हता. मी पुढे झाले आणि वाकून पाया पडले, म्हणाले, "उद्या नवमी आहे. आमच्याकडे तिला पुरणपोळी वाढतात."

"पुरनपोळी!" म्हातारी म्हणाली, आणि एकदम तिला हसू आलं. शेणाचा हात कपाळाला लागला तरी तिचं लक्ष नाही. "अगं बया! तिला? गोडाचं ताट बघून पळायची ती. अगं ऐकलंस का," तिने घरात हाक मारली, "तिला पुरनपोळी घालत्यात तितं!"

आतून सून बाहेर आली, म्हणजे पोरीची मामी. भावाच्या बायकोला मेलेल्या नणंदेच्या आवडीनिवडी चांगल्या ठाऊक होत्या. "वन्सं व्हय? वन्सं म्हंजे खेकडं," ती म्हणाली. "दुसरं काय न्हाई. पाऊस उघडला की वढ्यात. लगीन होऊन मी आले तवा मलाबी घिऊन गेल्या. माझ्याच्यानं दगूडबी उचलंना."

मी पोरीकडे पाहिलं. पोरगी स्वतःच्या बोटाकडे बघत होती.

"आन् मागनी घालाया पावने आले," म्हातारी सांगायला लागली, "तवा हिच्या ह्या बोटाला चिंधी. सकाळच्यालाच खेकड्यानं धरलेलं. म्या म्हनलं, बोट पदराखाली घे. कशाची घेतीया! पावन्यांनी इचारलं, बोटाला काय झालं? तर ही सांगत बसली, कंचा दगूड, कंचं बीळ, केवढा व्हता. मला वाटलं, झालं, मोडली सोयरीक. तर तुझा बा," ती पोरीला म्हणाली, "तुझा बा इचारतो, मग धरला का सुटला?"

"मग?" पोरीने विचारलं.

"धरला की! त्याच दिशी कालवन केलं."

म्हातारीने हात धुतले तेव्हा कुठे पोरीला जवळ घेतलं, आणि तेही केस कसे आहेत, दात कसे आले आहेत, असं जनावर पारखावं तसं. पोरगी उभी राहिली. तिने टाक दाखवला. म्हातारीने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "ही काय माझी लेक न्हाई," ती म्हणाली. "हिच्या डोईवर पदर हाय. तिच्या कवा ठरला न्हाई."

जाताना मी दोघींना नवमीचं जेवण सांगितलं. मामीला सवाष्ण म्हणून, म्हातारीला अशीच.

"तुझी सासू उंबऱ्याच्या आत घील का मला?" म्हातारीने विचारलं.

"उंबरा काढून ठेवता येत नाही," मी म्हणाले, "पण दार मी उघडं ठेवीन."

तिने पोरीला "राहतीस का?" म्हणून विचारलंच. पोरगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज न्हाई. उद्या नवमी हाय. पुन्हा येईन." मी त्या "पुन्हा"चा वाटभर विचार केला. आत्याबाईंचा हिशेब निम्मा खरा ठरला होता: पोरीने आजोळ मागितलं होतं. उरलेला निम्मा खरा होतो की काय, हे कळायला वेळ जाणार होता.

घरी पोचलो तेव्हा आत्याबाई दारातच होत्या. पोर परत आलेली पाहिली आणि त्या आत जाऊन भांडी आपटायला लागल्या. म्हणजे ठीक होतं.

"खेकडे," मी म्हणाले. "तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाव न व्हायला काय झालं? ह्याच चुलीवर केलंय तिनं. घरभर वास. पर म्या सांगितलं असतं, तर पोर वढ्याला गेली की परत्येक बारीला कुनीतरी म्हनलं असतं, आईवर गेलीया." त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "आन् तिला ते आयकू आलं असतं."

"ते आता तिला ठाऊक आहे. उद्या खेकड्याचं कालवण करते."

"पितराच्या पानावर? खेकडं? गावात तोंड दाखवायला ठिवनार हायेस का न्हाई?"

"पानावर नाही. वाटीत, शेजारी."

"वाटीत बी न्हाई!"

"मग ती जेवायची कशी? इतकी वर्षं ताटाखाली सारतेय."

आत्याबाईंनी पातेलं पुन्हा उचललं. ते घासता घासता त्या म्हणाल्या, "परसातल्या चुलीवर कर. येगळ्या भांड्यात. देवापाशी आनू नगंस. कौलावर ठिव, कावळ्याला." आणि मी घोटावड्याच्या दोघींना जेवायला बोलावल्याचं सांगितलं तेव्हा, "त्या दोघी येनार म्हंजे पुरन जास्ती लागंल," असं म्हणून त्यांनी डाळ वाढवून भिजत घातली.

जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, "मागणी घालायला गेला होता तेव्हा तिच्या बोटाला चिंधी होती म्हणे."

तो जेवत राहिला. "लाल," तो म्हणाला. "चोळीच्या कापडाची." मग त्याने भाकरी मागितली.

सकाळी उजाडताच मी पोरीला उठवलं. टाकाला आंघोळ घातली, हळद-कुंकू लावलं, नव्या दोऱ्यात ओवला आणि गळ्यात बांधला. दोऱ्याची गाठ पोरीने मारली. मग टोपली घेऊन आम्ही ओढ्यावर गेलो. मी जन्मात खेकडा धरला नव्हता. महाळुंग्याला नदी होती, पण आमच्या घरात मुलींनी पाण्यात उतरायचं नाही असा दंडक. लुगड्याचा काचा मारून मी पाण्यात उभी राहिले. पोरगी दगड कसा उचलायचा ते सांगत होती: आपल्या बाजूने उचलायचा, पाणी गढूळ होऊ द्यायचं नाही, थांबायचं. मी थांबले नाही.

"आई, पुढनं नको! मागनं धर, पाठीवर!" ती ओरडली. तोवर खेकड्याच्या डेंग्याने माझं बोट पकडलं होतं. मी हात झाडला, खेकडा पाण्यात पडला, आणि पोरगी काठावर बसून पोट धरून हसायला लागली. "सुटला! एवढा मोठा होता!"

घरातून आत्याबाईंची हाक आली की डाळ शिजली, पुरण वाटायला कोण येतंय. मी पदराच्या टोकाची चिंधी फाडून बोटाला गुंडाळली आणि तिला विचारलं, आता कुठल्या दगडाखाली.